थंड धुळीचा प्रकाश आणि दीर्घिकांचा ऊर्जाहिशेब

कराडच्या एका महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापकांनी, विद्यार्थ्यांसह कासच्या बाजूला केलेल्या आकाशनिरीक्षणानंतर, मला तीन प्रश्न पाठवले आहेत. आकाशगंगेच्या पट्ट्यात दिसणारी काळी भेग ही धूळच आहे, तिथे ताऱ्यांची उणीव नाही, हे कशावरून ठरवायचे? ही धूळ शून्याखाली अडीचशे अंशांइतकी थंड असेल तर ती प्रकाश देते असे कसे म्हणता येईल? आणि विश्वातील ताऱ्यांच्या प्रकाशापैकी जवळजवळ निम्मा प्रकाश धुळीतून अवरक्त (तांबड्याच्या पलीकडच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या) रूपात येतो असे सांगितले जाते, त्यात तेच तेज दोनदा मोजले जात नाही का? अवरक्त निरीक्षणांच्या विश्लेषणात माझी नोकरीची बहुतेक वर्षे गेली आणि आता मी साताऱ्यात राहतो, म्हणून उत्तर जरा विस्ताराने लिहितो. तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे त्याच्यासाठीच लागतात.

पावसाळ्यानंतर, ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या अमावास्येला, आपल्याकडून संध्याकाळी जो काळा पट्टा दिसतो, तो हंस तारकासमूहातून निघून गरुडातून खाली नैर्ऋत्येला धनु राशीकडे उतरतो. त्याच्या दोन्ही बाजूंना ताऱ्यांचा धूसर उजेड असतो आणि मधली जागा रिकामी वाटते. विल्यम हर्शेल यांनाही अशा जागा आकाशातली भोकेच वाटल्या होत्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एडवर्ड बर्नार्ड यांनी अशा काळ्या डागांची छायाचित्रे घेऊन त्यांची यादी केली, तरीही ताऱ्यांमधली उरलेली जागा स्वच्छ आहे असेच बहुतेकांनी गृहीत धरले होते. ही समजूत १९३० मध्ये रॉबर्ट ट्रम्प्लर यांनी मोडली. त्यांनी आकाशगंगेतील खुल्या तारकागुच्छांची अंतरे दोन प्रकारे काढली: एकदा ताऱ्यांच्या तेजस्वितेवरून आणि एकदा गुच्छाच्या दृश्य आकारावरून. तेजस्वितेवरून काढलेली अंतरे खरी मानली, तर जितका गुच्छ दूर तितका तो प्रत्यक्षात मोठा, असा निष्कर्ष निघत होता. आपल्यापासून दूर असण्याशी गुच्छाच्या खऱ्या आकाराचा काहीही संबंध असू शकत नाही, म्हणून वाटेत काहीतरी प्रकाश खात आहे हे मान्य करणे भाग पडले. त्याआधीच्या ताऱ्यांच्या गणनांवरून सूर्य आकाशगंगेच्या मध्याजवळ आहे असे जे वाटत होते, त्यामागेही हीच धूळ होती. सर्व दिशांना ती दूरचे तारे लपवत असल्यामुळे पाहणारा स्वतःला मध्यभागीच समजत होता.

विद्यार्थ्यांना पटवायचे असेल तर बर्नार्ड ६८ या मेघाचे उदाहरण द्यावे. भुजंगधारी तारकासमूहातील हा लहानसा मेघ दृश्य प्रकाशात इतका काळा आहे की त्याच्या आत एकही तारा दिसत नाही. तोच भाग २.२ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीला टिपला की मेघामागचे तारे दिसू लागतात, आणि जे मेघाच्या गाभ्याआड आहेत ते अधिक लालसर असतात. पोकळी असती तर तरंगलांबी बदलल्याने तीत तारे उगवले नसते.

या कणांचा आकार मायक्रॉनच्या दोनशेव्या भागापासून पाव मायक्रॉनपर्यंत, क्वचित त्याहून मोठा असतो. म्हणजे कपाटावर साचणाऱ्या धुळीपेक्षा त्यांचे साम्य धुराशी जास्त आहे. कोरेगावच्या बाजूला उसाचे पाचट पेटवल्यावर त्या धुरातून मावळतीचा सूर्य तांबडा दिसतो, त्याचे कारणही हेच की कणांचा आकार प्रकाशाच्या तरंगलांबीच्या जवळपास असला तर निळा प्रकाश जास्त अडतो आणि तांबडा कमी. कण प्रामुख्याने दोन जातींचे आहेत. सिलिकेटचे कण वर्णपटात ९.७ आणि १८ मायक्रॉनच्या खुणांवरून ओळखू येतात. कार्बनच्या कणांचा संबंध अतिनील भागात ०.२१७५ मायक्रॉनला असलेल्या ठळक शोषणाशी जोडला जातो. दाट मेघांच्या आत या कणांवर पाण्याच्या बर्फाचा थरही चढतो आणि त्याची खूण ३.१ मायक्रॉनला सापडते.

धूळ किती विरळ आहे याचे गणित वर्गात करण्यासारखे आहे. आंतरतारकीय वायूची सरासरी घनता एका घनसेंटिमीटरला हायड्रोजनचा एक अणू आणि धुळीचे वस्तुमान वायूच्या सुमारे एक टक्का असे धरावे. मग ०.१ मायक्रॉन त्रिज्येचा एक कण साधारण दहा लाख घनमीटरमध्ये सापडतो, म्हणजे शंभर मीटर लांब, रुंद आणि उंच अशा जागेत एक. एवढ्या विरळ कणांनी काय अडणार असे वाटेल. पण त्याच आकड्यांवरून प्रकाशकणाचा सरासरी मुक्त प्रवास काढला तर तो अडीच-तीन हजार प्रकाशवर्षे येतो, आणि आकाशगंगेचे केंद्र आपल्यापासून सुमारे २६,००० प्रकाशवर्षांवर आहे. केंद्राच्या दिशेला मेघही दाट आहेत, त्यामुळे तिकडून येणारा दृश्य प्रकाश सुमारे ३० प्रतींनी मंदावतो. पाच प्रती म्हणजे शंभरपट या हिशेबाने, निघालेल्या एक लाख कोटी प्रकाशकणांपैकी एखादाच इथे पोहोचतो. २.२ मायक्रॉनला मात्र दहा-पंधरांपैकी एक पोहोचतो. एरिक बेकलिन आणि गेरी नॉयगेबाउअर यांनी १९६८ मध्ये याच तरंगलांबीला केंद्राचा पहिला नकाशा प्रसिद्ध केला. पुढे केंद्रातील कृष्णविवराभोवती फिरणाऱ्या ताऱ्यांच्या कक्षा मोजता आल्या, ज्या कामासाठी राइनहार्ड गेन्झेल आणि अँड्रिया गेझ यांना २०२० चा नोबेल पुरस्कार मिळाला, त्याही अवरक्त प्रकाशामुळेच.

आता दुसरा प्रश्न. शून्य केल्विनच्या (म्हणजे उणे २७३ अंश सेल्सियसच्या) वर असलेली प्रत्येक वस्तू प्रारण देते आणि तिच्या प्रारणाचे शिखर कुठल्या तरंगलांबीला येईल हे वीनच्या नियमाने ठरते: २,८९८ ला केल्विनमधील तापमानाने भागले की मायक्रॉनमध्ये तरंगलांबी मिळते. सूर्याचा पृष्ठभाग ५,८०० केल्विनचा, म्हणून त्याचे शिखर अर्ध्या मायक्रॉनला येते. माणसाचे शरीर ९ ते १० मायक्रॉनला सर्वाधिक प्रारण देते. २० केल्विनची धूळ सुमारे १४५ मायक्रॉनला आणि तारे जन्मत असलेल्या भागातील ४० केल्विनची धूळ ७२ मायक्रॉनला. म्हणजे थंड वस्तू प्रकाश देत नाही असे नसून ती अशा तरंगलांबीला देते की जिथे आपले डोळेच काय, बहुतेक दुर्बिणीही निरुपयोगी ठरतात.

इथे एक खुबीची गोष्ट आहे आणि ती पाठ्यपुस्तकांत बऱ्याचदा घाईने उरकली जाते. सूर्याच्या परिसरातील सर्व ताऱ्यांच्या प्रकाशाची ऊर्जाघनता घेऊन, त्यात ठेवलेली आदर्श कृष्णवस्तू, म्हणजे पडेल तो सगळा प्रकाश शोषणारी वस्तू, किती तापेल हे आर्थर एडिंग्टन यांनी १९२६ मध्ये काढले, तेव्हा उत्तर ३.२ केल्विन आले. प्रत्यक्षात धूळ १८ ते २० केल्विनची असते. हा फरक कणाच्या आकारामुळे पडतो. पाव मायक्रॉनहून लहान कण अतिनील आणि दृश्य प्रकाश चांगला शोषून घेतो, परंतु शंभर मायक्रॉनची तरंगलांबी त्याच्या आकाराच्या शेकडो पट असल्यामुळे त्या तरंगलांबीला प्रारण बाहेर टाकणे त्याला फार अवघड जाते. घेणे सोपे आणि देणे कठीण, त्यामुळे देवघेव बरोबरीला येईपर्यंत तो अधिक तापतो.

याचा एक परिणाम पुढे सतत लागणार आहे. आदर्श कृष्णवस्तूची ऊर्जा तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते. धुळीची प्रारणक्षमता तरंगलांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असल्याने आणखी दोन घात वाढतात, आणि एकूण ऊर्जा तापमानाच्या साधारण सहाव्या घाताने वाढते. धुळीचे तापमान दुप्पट करायचे तर ताऱ्यांचा प्रकाश चौसष्टपट हवा. उलट बाजूने पाहिले, तर तापमान मोजण्यात दहा टक्के चूक झाली की दिलेल्या वस्तुमानाच्या धुळीची ऊर्जा पाऊणशे टक्क्यांनी चुकते. त्यामुळेच मूठभर ऊबदार धूळ ढीगभर थंड धुळीपेक्षा जास्त चमकते, आणि जी चमकते तिच्यावरून एकूण वस्तुमान काढणारा फसतो. इरास उपग्रहाने १९८३ मध्ये १२, २५, ६० आणि १०० मायक्रॉनला जवळजवळ सगळे आकाश पाहिले. त्याच्या आकड्यांवरून सर्पिल दीर्घिकांतील धूळ मोजली तेव्हा ती आपल्या आकाशगंगेतील प्रमाणाच्या मानाने दहापट कमी भरली. धूळ कमी नव्हती. जी थंड होती तिचे शिखर १०० मायक्रॉनच्या पलीकडे होते आणि इरासला ते दिसत नव्हते. इसो ही अवरक्त अवकाश दुर्बीण आणि नंतर हर्शेल दुर्बीण यांनी २०० ते ५०० मायक्रॉनपर्यंत पाहिल्यावर हा हिशेब जुळला.

दुसरी गुंतागुंत याच्या नेमकी उलट आहे. इरासला आकाशभर पिंजारलेल्या ढगांसारखी अवरक्त झाक सापडली आणि ती १२ मायक्रॉनलाही चमकत होती. वीस केल्विनच्या धुळीने १२ मायक्रॉनला काहीच द्यायला नको. याचे उत्तर अतिसूक्ष्म कणांत आहे. ज्यांत कार्बनचे जेमतेम पन्नास-शंभर अणू षट्कोनी कड्यांत बांधलेले असतात, त्यांना सरासरी तापमान असे नसतेच. अतिनील प्रकाशाचा एक कण आदळला की असा रेणू क्षणात हजार केल्विनच्या आसपास तापतो, काही सेकंदांत ती ऊर्जा ३.३, ६.२, ७.७, ८.६ आणि ११.३ मायक्रॉनच्या ठरावीक पट्ट्यांत टाकून देतो, आणि पुढचा प्रकाशकण येईपर्यंत थंड पडून राहतो. क्रिस्टन सेलग्रेन यांनी १९८४ मध्ये परावर्ती तेजोमेघांचा अभ्यास करून हे स्पष्टीकरण मांडले.

म्हणून ‘अवरक्त चित्र’ या एका नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी दाखवल्या जातात, हे विद्यार्थ्यांना आधीच सांगावे. दोन ते चार मायक्रॉनला दीर्घिकेतील जुने, तांबडे तारे दिसतात, आणि त्यावरून ताऱ्यांचे वस्तुमान काढता येते. आठ ते बारा मायक्रॉनला कार्बनचे ते रेणू दिसतात. चोवीस मायक्रॉनला तरुण ताऱ्यांजवळची तापलेली धूळ आणि सत्तरच्या पुढे थंड धुळीचा मोठा साठा. जेम्स वेब दुर्बिणीच्या, एक कमी आणि दुसरा जास्त अवरक्त तरंगलांबीचा, अशा दोन कॅमेऱ्यांनी टिपलेल्या एकाच सर्पिल दीर्घिकेच्या चित्रांत, पहिल्यात जे पट्टे काळे असतात तेच दुसऱ्यात सर्वांत तेजस्वी होतात.

आता तिसरा प्रश्न. धुळीची स्वतःची ऊर्जा नाही. जी ऊर्जा ती अवरक्तात देते, ती ताऱ्यांच्या प्रकाशातून, किंवा केंद्रात सक्रिय कृष्णविवर असेल तर त्याच्या भोवतालच्या प्रकाशातून, तिने आधी काढून घेतलेली असते. दीर्घिकेतून बाहेर पडणारा अतिनील, दृश्य आणि अवरक्त प्रकाश जसा दिसतो तसाच मोजून बेरीज केली, तर प्रत्येक प्रकाशकणाची ऊर्जा एकदाच धरली जाते. जी अवरक्तात आली ती दृश्य प्रकाशातून वजा झालेलीच आहे. आपल्या आकाशगंगेत ताऱ्यांच्या प्रकाशापैकी सुमारे एक तृतीयांश असा रूपांतरित होतो. एम ८२ सारख्या, तारे झपाट्याने जन्मत असलेल्या दीर्घिकेत बहुतांश प्रकाश, आणि आर्प २२० मध्ये जवळजवळ सगळाच. कोबे उपग्रहाच्या मोजणीतून १९९० च्या दशकात आकाशाची अवरक्त पार्श्वभूमी मिळाली, आणि तिची एकूण ऊर्जा दृश्य प्रकाशातील पार्श्वभूमीएवढीच असल्याचे दिसले. ‘निम्मा प्रकाश’ हे विधान तिथून आले आहे.

दोनदा मोजणी होते ती वेगळ्या ठिकाणी, आणि प्रकल्पांच्या अहवालांत मला ती वारंवार आढळते. अतिनील तेजस्वितेला आधी धुळीच्या शोषणाची दुरुस्ती लावायची, म्हणजे अडलेला प्रकाश परत जोडायचा, आणि मग त्यात अवरक्त तेजस्विताही मिळवायची. तोच प्रकाश इथे दोनदा येतो. एक तर दुरुस्ती लावावी, नाहीतर अवरक्त मिळवावे. याखेरीज दिशेचाही प्रश्न आहे. कडेने दिसणाऱ्या दीर्घिकेचा दृश्य प्रकाश आपल्या दिशेला फार अडतो आणि वरून दिसणारीचा कमी, अवरक्त मात्र सर्व दिशांना जवळपास सारखेच बाहेर पडते. एकेका दीर्घिकेची बेरीज यामुळे थोडी खालीवर होते, पुष्कळ दीर्घिकांच्या सरासरीत हा दोष निघून जातो.

ही बेरीज घेऊन ताऱ्यांचा जन्मदर काढायचा ठरवले तर जास्त जपून पाऊल टाकावे लागते. अवजड, तरुण तारे अतिनील प्रकाश भरपूर देतात, ते मेघांतच दडलेले असतात आणि इतर ताऱ्यांच्या मानाने थोडाच काळ जगतात, म्हणून अवरक्त तेज हे नव्या ताऱ्यांचे माप, असा तर्क आहे. रॉबर्ट केनिकट यांनी १९९८ मध्ये दिलेल्या सूत्राने, सूर्याच्या १० हजार कोटी पट अवरक्त तेजस्विता म्हणजे वर्षाला सुमारे १७ सूर्यांएवढ्या वस्तुमानाचे नवे तारे. ताऱ्यांच्या वस्तुमानांची विभागणी आज मानतात तशी धरली तर हा आकडा दहाच्या आसपास येतो. आर्प २२० ची तेजस्विता एक लाख कोटी सूर्यांच्याही वर आहे, तिथे हे सूत्र बऱ्यापैकी चालते. देवयानी दीर्घिकेत चालत नाही, कारण तिची धूळ बहुतांशी जुन्या ताऱ्यांच्या प्रकाशाने तापते आणि त्या ताऱ्यांचा आजच्या जन्मदराशी संबंध नाही. जिथे केंद्रात कृष्णविवर वस्तुमान गिळत आहे, तिथे २५ मायक्रॉनच्या आसपासचे तेज त्याच्या भोवतालच्या तापलेल्या धुळीचे असू शकते. अवरक्त तेजस्विता किती हे मोजणे आता अवघड राहिलेले नाही. ती धूळ कोणी तापवली, हे ठरवण्यात माझ्या क्षेत्रातले बहुतेक वाद झाले आहेत, आणि तेवढे न ठरवता दिलेला जन्मदर मी प्रमाण मानत नाही.

आपण सहज विचारले होते की महाबळेश्वर किंवा कासच्या उंचीवर अशी दुर्बीण बसवता येईल का. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरवर आहे खरे, पण अवरक्तासाठी उंचीइतकीच कोरडी हवा लागते, कारण वातावरणातील बाष्प बहुतेक अवरक्त तरंगलांबी गिळून टाकते. सह्याद्रीच्या माथ्यावर बाष्पाला तोटा नाही. भारतात दोन मायक्रॉनच्या आसपासचे काम माउंट अबू आणि ४,५०० मीटरवरील हानले इथून होते. त्यापुढच्या तरंगलांबींसाठी टाटा मूलभूत संशोधन संस्थेने हैदराबादहून फुग्याखाली एक मीटर व्यासाची दुर्बीण सोडून शंभर मायक्रॉनच्या पलीकडची निरीक्षणे केली. मर्यादित साधनांत झालेल्या या कामाची दखल मराठीत फारशी घेतली गेली नाही. दुसरी अडचण उपकरणाचीच. दुर्बीण खोलीच्या तापमानाला असेल तर ती स्वतः दहा मायक्रॉनला झगमगते. इरासला म्हणून द्रव हेलियमने थंड केले होते आणि ते हेलियम संपताच, दहा महिन्यांत, तिचे काम थांबले.

दुर्बिणीवाचूनही आपले विद्यार्थी काम करू शकतात. इरास, वाइज, स्पिट्झर आणि हर्शेल यांची निरीक्षणे सर्वांसाठी विनामूल्य खुली आहेत. मी एम ८१ आणि एम ८२ ही जोडी सुचवेन. दोन्ही सप्तर्षीच्या बाजूला, फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये संध्याकाळी साताऱ्याहून उत्तरेला पस्तीस-चाळीस अंशांवर येतात, आणि लहान दुर्बिणीतून स्वतः पाहता येतात. दोन्ही सुमारे १ कोटी २० लाख प्रकाशवर्षांवर असल्याने तेजस्वितांची तुलना करताना अंतराची भानगड राहत नाही. डोळ्याला एम ८१ जास्त तेजस्वी आहे, तर ६० मायक्रॉनला एम ८२ तिच्या तीस पटींच्या आसपास भरते. विद्यार्थ्यांनी दोघींचे ६० आणि १०० मायक्रॉनचे गुणोत्तर काढावे, त्यावरून धुळीची तापमाने काढावीत, मग तापमान एक-दोन केल्विनने बदलून धुळीच्या वस्तुमानाचे उत्तर किती हलते ते पाहावे. शेवटी जन्मदर काढताना एम ८२ साठी केनिकटचे सूत्र वापरावे. एम ८१ साठी तेच सूत्र लावून आलेल्या आकड्यापुढे मात्र ‘कमाल मर्यादा’ असे लिहावे, कारण तिच्या धुळीला जुने तारेही तापवतात.